तीन पत्तीवाल्यांना पोकर शिकायचाय, कुठल्या प्रकारापासून सुरू करू? (सोलापूरकर या इकडं)

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडं लक्ष्मीपूजन झालं की वरच्या खोलीत चादर अंथरून पत्ते बसतात, आजोबांच्या वेळेपासून. आधी मेंढीकोट, बदाम सात, मग पोरं झोपली की तीन पत्ती. पैसे लावत नाही, चिंचोके लावतो, आजीनं बरणीत भरून ठेवलेले आहेत, दरवर्षी तेच निघतात आणि हाताळून हाताळून अगदी गुळगुळीत झालेत.

यंदा पुण्याहून आलेल्या आतेभावानं पोकर काढला. हातात पाच पत्ते, नको असतील ते टाकून नवे घ्यायचे, एवढंच सांगून त्यानं वाटायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच डावात वाद झाला. माझ्याकडं पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी आली, मोठ्या काकांकडं पाचही किलवर, वरचं पान राणी. मी म्हटलं सिक्वेन्स (ओळीनं आलेली पानं) कलरला (सगळी एकाच रंगाची पानं) खातो, जन्मभर असंच खेळलोय. आतेभाऊ म्हणाला पोकरमध्ये कलर मोठा. मी ऐकलं नाही, आवाज चढवला आणि चिंचोके ओढून घेतले. काका काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पत्त्याला बसलेच नाहीत, खाली टीव्ही बघत बसले. सत्तरीचा माणूस, त्यांनीच मला पत्ते पिसायला शिकवलं. ते मला लागून राहिलंय.

जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) सगळे परत येणार आहेत आणि मंगळवेढ्याला मावसभावाच्या शेतावर हुरडा आहे. त्याआधी मला हे नीट समजून घ्यायचंय. कलर खरंच मोठा का, आणि मोठा असेल तर का? आणि टेक्सास, ओमाहा वगैरे जे म्हणतात त्यातला घरी खेळायला कुठला बरा?

पूर्वभाग_अण्णा
भावा, आतेभावाचं बरोबर होतं. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पत्तीत उलटं.
मी पण पहिल्यांदा असंच फसलो होतो, कारखान्यातली पोरं मोबाईलवर खेळायची ते बघून. का असं ते मला पण कुणी सांगितलं नाही, नियम आहे म्हणून पाळतो.

बदाम_राणी
नियम आहे म्हणून नाही हो अण्णा, त्याला कारण आहे आणि ते फार सुंदर आहे. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, पत्त्यांवरून मोजणी शिकवायला मला नेहमी आवडायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जो हात जास्त दुर्मिळ तो मोठा, एवढं एकच तत्त्व आहे. आता मोजू. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात सिक्वेन्स किती? एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ प्रकारच्या ओळी, आणि प्रत्येक पान चारपैकी कुठल्याही रंगाचं चालतं, म्हणजे ४ गुणिले ४ गुणिले ४, चौसष्ट. त्यातले चार एकाच रंगाचे, ते प्युअरमध्ये गेले, उरले ६०. बारा साठे ७२०. कलरचं बघा, एका रंगाच्या १३ पानांतून तीन निवडायचे २८६ मार्ग, चार रंगांचे १,१४४, त्यातून प्युअर ४८ वजा केले की १,०९६. म्हणजे तीन पत्तीत सिक्वेन्स कमी वेळा येतो, म्हणून तो मोठा.

आता हातात पाच पत्ते घ्या. एकूण हात २५,९८,९६०. सिक्वेन्सच्या ओळी १०, पण प्रत्येक ओळीत आता चारचा गुणाकार पाच वेळा होतो, १,०२४. दहा ओळींचे १०,२४०, एकाच रंगाचे ४० काढले तर १०,२००. कलर मात्र १३ पानांतच अडकलेला आहे, तेरातून पाच निवडायचे १,२८७ मार्ग, चार रंगांचे ५,१४८, वजा ४०, राहिले ५,१०८. म्हणजे कलर सिक्वेन्सच्या निम्माच. पत्ते वाढले तसे दोन्ही दुर्मिळ झाले, पण सिक्वेन्सच्या मानानं कलर जास्त महाग झाला, म्हणून क्रम उलटला. काकांचा हात तुमच्यापेक्षा खरोखरच दुप्पट दुर्मिळ होता.

जाता जाता एक गंमत, तीन पत्तीत जोडीचे हात ३,७४४ आहेत आणि पाच पत्त्यांत फुल हाऊसचे, म्हणजे तीन एकसारखे अधिक एक जोडी, तेही बरोबर ३,७४४. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दोनदा मोजलं.

होटगीरोडकर
मॅडम, हे मी वहीत उतरवून घेतलं आणि तीनदा वाचलं. कुणी असं सांगितलंच नव्हतं कधी. मग तीन पत्तीत ट्रेल (तिन्ही एकसारखे) आणि प्युअर याचं पण असंच का?

बदाम_राणी
तिथं मात्र परंपरेनं तत्त्वाला मागं टाकलंय. ट्रेल ५२ आहेत, प्युअर सिक्वेन्स ४८. हिशोबानं प्युअर मोठी हवी, पण सगळीकडं ट्रेलच मोठा धरतात. पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये असं कुठंच नाही, तिथं वरपासून खालपर्यंत मोजणीप्रमाणंच क्रम आहे: एकाच रंगाची ओळ, मग चार एकसारखे, फुल हाऊस, कलर, ओळ, तीन एकसारखे, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसतं मोठं पान. एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी एकाच रंगाचे म्हणजे रॉयल फ्लश, पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजारांत फक्त चार.

जुळे_सोलापूर
मॅडमनी पाया घातलाच आहे तर आता प्रकारांचं मी सांगतो, इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर चार वर्षं हेच केलंय.

तुम्ही खेळलात तो फाईव्ह कार्ड ड्रॉ. पाच पत्ते, एक फेरी बोली, मग नको ते टाकून नवे, परत बोली, मग शो. सगळ्यात जुन्या आणि सोप्या प्रकारांतला, पण घरी खेळताना किती पत्ते बदलायचे हे आधीच ठरवा. सहा जण बसले आणि प्रत्येकानं पाचही बदलले तर ६० पत्ते लागतात, गड्डीत ५२. जास्तीत जास्त तीन बदलायचे म्हटलं तर सहा जणांना ४८ पुरतात.

पण घरच्यांना शिकवायला माझ्या मते टेक्सास होल्डेमच बेस्ट, कारण सगळे मिळून तीच पाच पानं बघत असतात आणि नवशिक्याला शेजारी बसून समजावता येतं. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे. मग बोली. मग मधोमध तीन पत्ते उघडे, त्याला फ्लॉप म्हणतात. बोली. चौथा उघडा, टर्न. बोली. पाचवा, रिव्हर. शेवटची बोली आणि शो. तुमचे दोन आणि मधले पाच अशा सातातून सगळ्यात चांगले पाच धरायचे, तुमचे दोन्ही वापरा, एक वापरा नाहीतर एकपण नको, चालतं. प्रत्येक वेळी मधलं पान उघडायच्या आधी वरचं एक पान न बघता बाजूला जाळायचं, म्हणजे वरचं पान कुणाला दिसलं असेल तर त्याचा फायदा होऊ नये. तसा हिशोब केला तर एका गड्डीत २२ जण बसू शकतात, पण नऊ-दहाच्या वर मजा जाते, एकेका डावाला चहा गार होतो.

पूर्वभाग_अण्णा
हे चांगलं सांगितलास. पण तीन पत्तीवाल्याला खरी अडचण पत्त्यात नाही बे, बोलीत येते. गणपतीच्या जागरणाला मंडळात आम्ही रात्र रात्र खेळलोय, तर मला ते जास्त जाणवलं.

पहिलं म्हणजे ब्लाइंड. आपल्याकडं ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणारा, आणि बघितलेल्यानं त्याच्या दुप्पट टाकायचं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधीच डीलरच्या डाव्या हाताच्या दोघांनी सक्तीनं टाकायचं, पहिल्यानं छोटा, दुसऱ्यानं मोठा. आपल्या बूटसारखं (डावाच्या आधी सगळे टाकतात ते), पण सगळ्यांनी नाही, फक्त दोघांनी, आणि दर डावाला डीलर एक घर सरकतो म्हणून सगळ्यांची पाळी येते. न बघता खेळलास तरी सवलत काही नाही, सगळ्यांना सारखंच भरायचं.

दुसरं, तीन पत्तीत चाल फिरत राहते, दोघं उरून कुणीतरी शो मागेपर्यंत थांबतच नाही. पोकरमध्ये सगळ्यांचं सारखं भरलं की ती फेरी संपली, पुढचं पान उघडायचं. आणि कुणीच काही लावलं नसेल तर चेक म्हणून फुकट पुढं जाता येतं, आमच्या पोरांना हे समजायलाच आठवडा गेला, सारखे विचारायचे काहीच न टाकता कसं बसायचं.

तिसरं साइड शो, म्हणजे शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून बघणं. पोकरमध्ये साइड शो नाही म्हणजे नाही. शेजाऱ्याला हळूच पान दाखवलं तर लई मोठी चूक धरतात.

मंगळवेढा_ज्वारी
वाचलालो सगळं. हुरडा माझ्याच शेतावर आहे 😊 आमच्याकडं इस्पिक सगळ्यात मोठं धरतात, बरोबरी झाली की इस्पिकवाला जिंकतो. पोकरला पण तसंच ना?

जुळे_सोलापूर
नाही भाऊ. पोकरमध्ये रंगाला उच्चनीच नाही. बरोबरी झाली तर पॉट, म्हणजे मधे जमलेलं सगळं, वाटून घ्यायचा. पण बरोबरी म्हणायच्या आधी किकर, म्हणजे जोडीबाहेरचं उरलेलं मोठं पान, बघायचा. समजा मध्ये एक्का, राजा, नव्वी, पंजी, दुर्री. एकाकडं एक्का-राणी, दुसऱ्याकडं एक्का-सत्ती. दोघांची एक्क्याची जोडी, पण उरलेल्या तीन पानांत पहिल्याचं राजा, राणी, नव्वी आणि दुसऱ्याचं राजा, नव्वी, सत्ती. राणीवाला जिंकला. पाचच पानं मोजायची, सहावं कधीच नाही.

आणि एक्का-दुर्री-तिर्रीचं पण सांगून ठेवतो, तीन पत्तीत बऱ्याच घरांत ती दोन नंबरची सिक्वेन्स धरतात, पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी ही सगळ्यात छोटी ओळ. यावरून पण भांडणं होतात.

होटगीरोडकर
आमच्या घरी हे दोन नंबरचंच आहे, बरं झालं सांगितलात. ओमाहा म्हणजे नेमकं काय वेगळं?

जुळे_सोलापूर
ओमाहा बाकी सगळं टेक्साससारखंच, फक्त हातात दोनाऐवजी चार पत्ते. आणि एक अट, तिच्यातच सगळा खेळ आहे: हातातले बरोबर दोनच आणि मधले बरोबर तीनच वापरायचे. कमी नाही, जास्त नाही.

उदाहरण घ्या, माझ्यावरच आलेलं. मध्ये बदामचा एक्का, बदामचा राजा, बदामची नव्वी, बदामची चव्वी आणि किलवरची दुर्री. माझ्या हातात बदामची राणी आणि बाकी तीन दुसऱ्या रंगांचे. टेक्सास असता तर कलर झाला होता. ओमाहात झाला नाही, कारण हातातला बदाम एकच आणि मधले तीनच घेता येतात, चार बदामांचा कलर होत नाही. मी होतं नव्हतं सगळं लावलं होतं. समोरच्यानं बदामची छक्की आणि तिर्री दाखवली आणि घेऊन गेला. त्या दिवसापासून ओमाहात आधी बोटानं हातातले दोन वेगळे करतो, मगच बोलतो, तुम्ही पण तसंच करा.

ओमाहात हात मोठे येतात, चार पत्त्यांतून दोन दोनाच्या सहा जोड्या होतात ना, म्हणून टेक्सासमध्ये जो हात जिंकेल असं वाटतं तो इथं मार खातो. सुरुवातीला नको, दोन-तीन बैठका टेक्सास झाल्यावर.

बदाम_राणी
आणि गड्डीच बदलली तर क्रमही बदलतो, हे मला फार आवडतं. शॉर्ट डेक म्हणून प्रकार आहे, दुर्रीपासून पंजीपर्यंत सगळे काढून टाकायचे, राहिले ३६ पत्ते. प्रत्येक रंगाची ९ पानंच उरली. आता कलर ४८० आणि फुल हाऊस १,७२८. म्हणून शॉर्ट डेकमध्ये कलर फुल हाऊसच्याही वर जातो. एक्का तिथं छक्कीच्या खाली पण चालतो, एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी ही ओळ धरतात. काही ठिकाणी तीन एकसारख्यांना ओळीच्या वर धरतात, काही ठिकाणी नाही, ते बसायच्या आधी विचारून घ्यायचं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, पाठ करू नका, मोजा. नातवाला मी असंच शिकवतेय, तो आता सातवीत आहे आणि स्वतः कागदावर मांडून विचारतो की चार पत्त्यांचा खेळ असता तर काय मोठं झालं असतं.

पूर्वभाग_अण्णा
मॅडम मुफलिस पण सांगा की. तीन पत्तीत सगळ्यात फालतू हात जिंकतो तो प्रकार. पोकरला तसं आहे का?

जुळे_सोलापूर
आहे अण्णा. रॅझ म्हणतात. सात पत्त्यांचा स्टड, पण छोटा हात जिंकतो, एक्का सगळ्यात छोटा आणि ओळ किंवा कलर झाला तरी नुकसान नाही, म्हणून एक्का ते पंजी हा सगळ्यात चांगला हात. साध्या स्टडमध्ये मधे सगळ्यांचे असे पत्ते नसतातच. प्रत्येकाला दोन उपडे एक उघडा, मग एकेक करून तीन उघडे, शेवटचा परत उपडा. बोली चार नाही, पाच फेऱ्या. सात जणांना ४९ पत्ते लागतात, म्हणून तेवढेच बसा. यात दुसऱ्यांचे उघडे पत्ते आणि पॅक झालेले (डाव सोडलेल्यांचे) पत्ते लक्षात ठेवायला लागतात, तुमचे काका मेंढीकोटवाले असतील तर त्यांना हाच आवडेल, बघा.

बार्शीनाका
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझा चुलतभाऊ एका ॲपवर पोकर आणि तीन पत्ती खेळायचा, दीड वर्षात मोटरसायकल विकली, वहिनीच्या पाटल्या गहाण गेल्या. घरात कुणालाच माहीत नव्हतं, रात्री चादरीत तोंड घालून मोबाईलवर खेळायचा. तुम्ही चिंचोक्यांवर खेळता ते फार चांगलं करता, तेवढंच राहू द्या.

कायद्याचं पण सांगतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे. रमीला सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटलं, पण त्याच निकालात तीन पत्तीला, म्हणजे फ्लशला, नशिबाचा खेळ म्हटलंय. पोकरला गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये जुगारच म्हटलं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आली, कौशल्य असो की नशीब. हा कायदा दोन वर्षं आधी आला असता तर, असं मला रोज वाटतं.

होटगीरोडकर
दादा, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं पैसा येणार नाही, शब्द देतो. प्रत्येकाला ५० चिंचोके, संपले की तो हुरडा भाजायला आगटीवर.

मंगळवेढा_ज्वारी
मग मीच लवकर आगटीवर जाणार असं दिसतंय. मला एवढं सांगा, मोजायचं कसं, बोली लावावी की पॅक व्हावं ते?

बदाम_राणी
फ्लॉप झालाय, तुमच्याकडं दोन बदाम, मध्ये दोन बदाम. न दिसलेले पत्ते ४७, त्यात बदाम ९. पुढच्या एका पानात बदाम यायची शक्यता ४७ मध्ये ९, म्हणजे शेकडा १९. आता पॉटमध्ये ४० चिंचोके आहेत आणि समोरच्यानं १० लावले. तुम्हाला १० टाकून ५० मिळवायचे, म्हणजे एकूण ६० मध्ये तुमचे १०, सहावा हिस्सा, शेकडा १७ च्या आत. १९ जास्त आहे, टाका. त्यानं १० ऐवजी ४० लावले असते तर १२० मध्ये तुमचे ४०, शेकडा ३३. तेव्हा पॅक. ही एका पानाची गोष्ट, रिव्हरपर्यंत दोन्ही पानं फुकट बघायला मिळाली तर शक्यता ३५ पर्यंत जाते.

हिशोब चुकला तर चुकू दे, पण करा. नुसतं मन म्हणतंय म्हणून टाकत बसलं की ५० चिंचोके अर्ध्या तासात जातात.

होटगीरोडकर
मंडळी, धागा वर काढतोय. काल हुरडा झाला. आधी काकांच्या घरी गेलो होतो, दिवाळीच्या डावाचे २८ चिंचोके पिशवीत घालून दिले आणि मॅडमनी मांडलेला हिशोब वहीतून वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून वही हातात घेतली, स्वतः बोटानं एकेक आकडा तपासला आणि एवढंच म्हणाले की मला तेव्हाच वाटलं होतं, पाच किलवर काय रोज येत नाहीत.

शेतात आगटीच्या बाजूला चादर अंथरली. नुसत्या सतरंजीवर पत्ता चिकटून बसतो, चादरीच्या विणीवर नखानं लगेच उचलता येतो, आणि मधल्या फुलाच्या नक्षीवर बरोबर पाच पानं मावली. टेक्सास चार तास खेळलो, आठ जण. अण्णा म्हणाले तसं चेकचं सगळ्यांना दोनदा समजवायला लागलं. मोठे काका शेवटपर्यंत बसले, शेंगाचटणी आणि हुरडा तिथंच मागवून घेतला, हाताला राख लागलेली म्हणून माझ्या पोरीला पत्ते धरायला लावले आणि तिच्या कानात सांगून खेळले. स्टड त्यांना खरंच आवडला, पुढच्या वेळी तोच म्हणाले.

एक गोष्ट राहिली. शेवटचा डाव, मी डीलर, मध्ये एक्का, राजा, राणी, नव्वी, सत्ती. माझ्याकडं एक्का-चव्वी, काकांकडं एक्का-तिर्री. दोघांचे पाच पत्ते सारखेच झाले, तेव्हा पॉट निम्मा केला. ६३ चिंचोके होते. ३१-३१ झाले आणि एक उरला. तो कुणाचा?

जुळे_सोलापूर
डीलरच्या डाव्या हाताकडून मोजायला सुरुवात करायची, वाटणीतला जो पहिला येईल त्याचा.

होटगीरोडकर
काका माझ्या डाव्या हातालाच होते. अजून माझ्या शर्टाच्या खिशातच आहे तो, संध्याकाळी नेऊन देतो.